शरणपूर, झांझिबार आणि आमच्या घरातली एक मुलगी

आजची पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

नाशिककरांना शरणपूर रोड कुठे आहे हे सांगायची गरज नाही. दवाखाने, बँका, कपड्यांची दुकानं, संध्याकाळचं ट्रॅफिक. मी या रस्त्यावरून गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं येतो-जातो. पण 'शरणपूर' हे नाव कुठून आलं, असं शंभर जणांना विचारलं तर चार जणांना सांगता येईल की नाही, शंका आहे. मलाही बराच काळ माहीत नव्हतं.

१८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्याने नाशिकच्या बाहेर एक वसाहत वसवली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. तिथे आपल्याकडची अनाथ मुलं होती, नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबं होती आणि आफ्रिकन मुलंही होती. होय, आफ्रिकन. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून भरून नेणारी गलबतं इंग्रजांचं आरमार समुद्रात अडवायचं. त्या गलबतांवर सापडलेल्या मुलांना परत सोडायचं कुठे? कुणाला गाव आठवत नसे, कुणाचं गावच जाळलेलं असे. मग त्यांना मुंबईत उतरवलं जाई. त्यातली बरीचशी मुलं शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये येत. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. आपल्या गावाचं नाव लावून ही पोरं जगाच्या इतिहासात गेली आणि आपल्याला पत्ता नाही!

त्यातलाच एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा, लहानपणी पकडला गेलेला, गलबतावरून सुटलेला, नाशिकला शिकलेला. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी वारला, तेव्हा जेकब तिथे होता. लिव्हिंग्स्टनचं काळीज एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने वाचली आणि त्या झाडाच्या बुंध्यावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग देह घेऊन ती माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत गेली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

आता तुम्ही म्हणाल, हे आज का काढलं? सांगतो.

दरवर्षी ८ फेब्रुवारीला कॅथलिक चर्च मानवी तस्करीविरोधात प्रार्थना आणि जागृतीचा दिवस पाळतं. २०१५ पासून. त्या दिवशी एका ओळखीच्या ख्रिस्ती मित्राने मला एका शिल्पाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तू इतिहासवाला ना, यावर लिही." फोटो बघून मी दोन दिवस गप्प होतो. कारण त्यातून मला आमच्या घरातलीच एक गोष्ट आठवली. ती शेवटी सांगतो. आधी शिल्पाची गोष्ट.

उत्तर इटलीत स्कियो नावाचं गाव आहे. तिथे २०२२ च्या जूनमध्ये हे शिल्प बसवलं. शिल्पकार टिमोथी श्माल्झ, कॅनडाचा. रोममध्ये सेंट पीटर्स चौकात निर्वासितांनी भरलेल्या होडीचं जे मोठं ब्राँझचं शिल्प २०१९ मध्ये बसवलं, तेही त्याचंच. स्कियोच्या शिल्पाचं नाव 'पीडितांना मुक्त करा' अशा अर्थाचं आहे, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथावरून घेतलेलं. शिल्पात एक आफ्रिकन जोगीण वाकून जमिनीतलं एक झाकण उघडतेय. तळघराला असतं तसं झाकण. आणि खालून माणसं बाहेर येतायत. बाया, पुरुष, पोरं. सगळी मिळून शंभराच्या आसपास. सगळी आजची. कुणी मजूर, कुणी शरीरविक्रयात ढकललेली मुलगी, कुणी लहान पोर.

ती जोगीण म्हणजे संत जोसेफिन बखिता. तिची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सुदानमधल्या दारफुरची मुलगी. जन्म साधारण १८६९ चा. सात-आठ-नऊ वर्षांची असताना पळवली गेली. पळवणाऱ्यांनी नाव ठेवलं 'बखिता', अरबीत अर्थ 'भाग्यवान'. चेष्टाच म्हणायची. भीतीने तिला स्वतःचं खरं नाव आठवेनासं झालं, ते शेवटपर्यंत आठवलं नाही. ती अनेकदा विकली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी असताना मालकिणीच्या हौसेखातर तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कापली. एकशे चौदा घाव. व्रण राहावेत म्हणून त्यात मीठ चोळलं. १८८३ मध्ये खार्टूममध्ये एका इटालियन उपवाणिज्यदूताने तिला विकत घेतलं. १८८५ मध्ये ती इटलीत आली आणि तिथे मिकिएली नावाच्या कुटुंबाला देऊन टाकली गेली. त्यांच्या लहान मुलीला सांभाळायला.

इथे गोष्टीला वळण मिळतं. ही मंडळी मारझोड करणारी नव्हती. पोरगी तिच्या अंगाखांद्यावर वाढत होती. घरातलीच समजायचे तिला. १८८८ मध्ये मालकीण काही काळासाठी परदेशी गेली, तेव्हा मुलीला आणि बखिताला व्हेनिसमध्ये कनोसियन सिस्टर्सकडे ठेवलं. मालकीण परत आली, म्हणाली, चल. बखिता म्हणाली, मी येत नाही.

बाईला पटेना. हिला आम्ही आणलं, खाऊपिऊ घातलं, हिच्यावर हक्क आमचा. प्रकरण अधिकाऱ्यांपुढे, न्यायालयात गेलं. २९ नोव्हेंबर १८८९ ला निकाल लागला की इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्यच नाही, त्यामुळे ही मुलगी गुलाम नव्हतीच. ती स्वतंत्र आहे, तिला हवं तिथे राहू शकते. ती कनोसियन सिस्टर्सकडेच राहिली. १८९० च्या जानेवारीत बाप्तिस्मा घेतला, पुढे स्वतः सिस्टर झाली. स्कियोच्या मठात स्वयंपाक, शिवण-टिपण, दारावरची कामं करत आयुष्य काढलं. ८ फेब्रुवारी १९४७ ला गेली. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत जाहीर केलं. ८ फेब्रुवारी हा दिवस तिचा, म्हणून तस्करीविरोधी दिवसही तोच. (या कनोसियन सिस्टर्स आपल्याला परक्या नाहीत. मुंबईत माहीमची, अंधेरीची कनोसा शाळा आहे ना, त्याच.)

आता मुद्द्यावर येतो. चित्र काढून, पुतळा उभारून मानवी तस्करी थांबते का? मी पहिल्यांदा मित्राला हेच विचारलं, जरा तिरकसपणेच. मग जुने कागद चाळायला बसलो. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात येत नाही. काही चित्रांनी खरंच काम केलं, काहींनी नुसता गळा दाटून आणला आणि काहींनी दिशाभूलही केली. चार नमुने सांगतो.

पहिला आठशे वर्षांपूर्वीचा. रोममध्ये सेलियन टेकडीवर सान तोम्मासो इन फोर्मिस नावाचं छोटं चर्च आहे. त्याला लागून असलेल्या जुन्या इस्पितळाच्या दाराच्या वर एक गोल मोझेक आहे, १२१० च्या सुमाराचं. कोस्मास आणि त्याचा बाप याकोबुस या कारागिरांनी केलेलं. मध्ये ख्रिस्त बसलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बंदिवान उभे आहेत. एक गोरा, एक काळा. पायात बेड्या. आणि ख्रिस्ताने दोघांचे हात धरलेत.

हे चर्च ट्रिनिटेरियन संन्याशांचं होतं. ११९८ मध्ये स्थापन झालेला हा संघ. काम एकच, युद्धात किंवा समुद्रावर पकडलेल्या माणसांना पैसे भरून सोडवून आणायचं. त्यांच्या नियमात लिहिलेलं होतं की मिळकतीचा तिसरा हिस्सा या सोडवणुकीसाठी बाजूला काढायचा. म्हणजे दारावरचं चित्र ही त्या संस्थेची पाटी होती. आत येणाऱ्याला कळायचं की इथे काय काम चालतं आणि आपण टाकलेला पैसा कुठे जातो. मला यातली दोन गोष्टींची कमाल वाटते. एक, दोघेही उभे आहेत, कुणी लोटांगण घातलेलं नाही. दोन, काळा आणि गोरा अगदी समान मापाचे, समान मानाचे. तेराव्या शतकात!

पण इतिहास सांगायचा तर अर्धा सांगून चालत नाही. याच चर्चच्या प्रमुखाने, पोप निकोलस पाचवे यांनी, १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना जिंकून कायमचं गुलाम करण्याची मुभा देणारं फर्मान काढलं. या आणि अशा फर्मानांवर उभी राहिलेली विचारसरणी आपण नाकारतो, असं व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हणायला २०२३ साल उजाडलं. आणि त्या फर्मानांची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. यान हाउखन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तेही गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये आलं. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा, घोडे, गालिचे, भांडीकुंडी आणि माणसं, एकाच बाजारात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या पुस्तकातल्या चित्रांत मालकाची पालखी वाहणारे आणि त्याच्या डोक्यावर छत्री धरणारे गुलाम दिसतात. बाजूच्या चर्चमध्ये घंटा वाजत असणारच. जुन्या गोव्याच्या मठांतही गुलाम राबत होते. बंदिवानाचा हात धरलेला ख्रिस्त रोममध्ये दारावर होता. गोव्यातल्या बाजारात तो कुणाला आठवला नाही.

म्हणून चित्र असणं पुरेसं नसतं. त्याच्यामागे तो 'तिसरा हिस्सा' लागतो.

दुसरा नमुना इंग्लंडचा, १७८७ चा. गुलामांचा व्यापार बंद करा म्हणून लंडनमध्ये बारा जणांची समिती बसली. त्यातले नऊ जण क्वेकर पंथाचे. जोसाया वेजवूड या चिनी मातीच्या भांड्यांच्या मोठ्या कारखानदाराने त्यांच्यासाठी एक छोटं पदक बनवलं. पांढऱ्यावर काळी आकृती. एक आफ्रिकन माणूस गुडघ्यावर बसलाय, बेड्या घातलेले हात जोडलेत. आणि तो विचारतोय की मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का. प्रार्थनेचा आविर्भाव. चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येक इंग्रजाला ओळखीचा.

ही वस्तू तुफान चालली. बायकांनी केसांच्या पिनांत बसवली, बांगड्यांत बसवली. पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांच्या झाकणावर. आजच्या भाषेत डीपी बदलला म्हणा ना! ज्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता त्या बायकांनाही आपली बाजू दाखवता आली. प्रचार म्हणून काम फत्ते. पण त्यात एक खोट राहिली. तो माणूस कायमचा गुडघ्यावरच राहिला. दया मागणारा. बघणारा आपोआप वर, तो खाली. त्याच काळात गुलाम बंड करत होते, पळून जात होते, स्वतःची आत्मचरित्रं लिहीत होते. ते त्या पदकात कुठेच नाही.

तिसरा नमुना तर चित्र म्हणावं की आराखडा, असा. 'ब्रूक्स' नावाचं गुलाम वाहणारं जहाज होतं. १७८८ च्या अखेरीस प्लिमथच्या समितीने त्याचा नकाशा छापला, लगेच पुढच्या वर्षी लंडनच्या समितीने सुधारून छापला. जहाजाचा आडवा-उभा छेद आणि आत माणसं कशी रचतात ते मोजून-मापून दाखवलेलं. लंडनच्या चित्रात ४८२ माणसं. पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. यापूर्वी याच जहाजाने सहाशेच्या वर माणसं नेली होती. चित्रात कुणी रडत नाही, कुणी हात जोडत नाही. नुसत्या छोट्या काळ्या आकृत्या, ओळीने. बघणारा मनातल्या मनात सोळा इंच मोजतो आणि त्याला घाम फुटतो. हा कागद खानावळींत, घरांत भिंतीवर चिकटवला गेला, पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत पोचला.

१८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. चित्रांमुळेच झाला असं कुणी म्हणू नये. त्यात बंडं होती, अर्थकारण होतं, वीस वर्षांची चिकाटी होती. पण लोकांनी साखर सोडली, लाखो सह्या केल्या, त्यात या कागदाचा वाटा आहे. आणि हो, १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. म्हणजे आपण. आपल्याकडे गुलामगिरीला कायद्याचा आधार राहणार नाही, हे १८४३ च्या पाचव्या कायद्याने ठरलं. ब्रिस्टलच्या बायकांनी जी साखर सोडली, त्याऐवजी 'गुलामांच्या घामाशिवायची साखर' म्हणून हिंदुस्तानची साखर विकली गेली, त्या वेळी हिंदुस्तानात काय चाललंय हे कुणी मोजून छापलं नव्हतं.

चौथा नमुना आपल्याला परत नाशिकला आणतो. झांझिबार. पूर्व आफ्रिकेतला गुलामांचा मोठा बाजार तिथे भरायचा. शरणपूरची पोरं जिथून आली तो हाच व्यापार. १८७३ मध्ये सर बार्टल फ्रिअर, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर, ज्यांच्या नावाचा मुंबईत रस्ता होता, ते झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले. त्याच वर्षी ५ जूनला सुलतानाने करारावर सही केली आणि बाजार बंद झाला. त्या बाजाराच्याच जागेवर चर्च उभं राहिलं. जिथे गुलामांना फटके मारायचा खांब होता, तिथे वेदी बांधली. आत एक लाकडी क्रूस आहे. लिव्हिंग्स्टनचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा तो आहे असं सांगतात. म्हणजे आमच्या नाशिकच्या जेकबने ज्या झाडावर अक्षरं कोरली ते झाड! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि थोडा वेळ शरणपूर रोडवर चक्कर मारून आलो.

त्या चर्चच्या आवारात १९९८ मध्ये क्लारा सर्नेस या स्वीडिश शिल्पकार बाईंनी एक शिल्प केलं. जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात पाच माणसं उभी. गळ्यात साखळी. मी तिथे गेलेलो नाही, फोटोच पाहिलेत. पण फोटोतही एक गोष्ट कळते. त्यांना बघायला आपल्याला काठावर उभं राहून खाली बघावं लागतं. म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे त्या काळी गिऱ्हाईक उभं असायचं. शिल्प तुम्हाला दया दाखवायला सांगत नाही, ते तुमची जागा दाखवतं.

आणि आता पुन्हा स्कियोचं झाकण बघा. झांझिबारचा खड्डा उघडा आहे, सगळ्यांना दिसतोय. स्कियोतला बंद होता. वर लोक चालत होते. उघडणारी कोण? जी स्वतः खालून आली ती. वेजवूडच्या गुडघ्यावर बसलेल्या माणसापासून इथपर्यंत यायला सव्वादोनशे वर्षांहून जास्त लागली.

तक्रार एकच. बखिताची बहुतेक चित्रं हसऱ्या जोगिणीची असतात. तिने छळणाऱ्यांना माफ केलं, हे प्रवचनांत हमखास येतं. माफी तिची, ती तिने कुणाला द्यावी हा तिचा प्रश्न. पण १८८९ चा तो नोव्हेंबर, जेव्हा ती मालकिणीच्या तोंडावर "येत नाही" म्हणाली, त्याचं चित्र मी तरी कुठे पाहिलं नाही. तस्करीविरोधी जागृती करायची तर मला ते चित्र सगळ्यात आधी भिंतीवर हवं.

कारण आपली पोस्टरं बघा. काळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात बसलेली मुलगी, तोंडावर पट्टी, हाताला साखळदंड. सरकारी असो, संस्थेची असो, चर्चची असो. त्यामुळे होतं काय, आपण साखळदंड शोधत बसतो. आणि साखळदंड कुठेच नसतो. असते ती उचल. असतो ओळखीचा मुकादम. असते गावातलीच एखादी मावशी, जी म्हणते, "शहरात चांगलं काम आहे, पोरीला पाठव, महिन्याला पैसे येतील." आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरात सुमारे ५ कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत असल्याचा अंदाज आहे. त्यातली २ कोटी ८० लाखांच्या आसपास सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात. यातल्या किती जणांच्या पायात लोखंड असेल?

लांब कशाला, २०२२ मध्येच आमच्या जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातली बातमी आली. कातकरी वस्तीतली लहान मुलं काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या वळायला दिलेली. त्यातली एक मुलगी दगावली, तेव्हा सगळं उघड झालं. ज्या नाशिकमध्ये दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून सोडवलेल्या मुलांना शरण मिळाली, त्याच नाशिकमध्ये. शरणपूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर.

आता आमच्या घरातली गोष्ट.

मी पाचवीत होतो. आमच्याकडे एक मुलगी कामाला होती. पेठ-सुरगाण्याकडची. माझ्याहून एखाद वर्षाने लहानच असेल. वडिलांनी तिच्या बापाला दोनशे रुपये दिले होते, 'उसने' म्हणून. ती फिटेपर्यंत पोरगी आमच्याकडे. धुणं, भांडी, माझ्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन फिरणं. आई तिला मारत नसे. दिवाळीला परकर-पोलकं घ्यायची. पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरातलीच आहे हो ती." आणि आम्हाला सगळ्यांना ते खरं वाटायचं. मी शाळेत जायचो, ती जायची नाही, यात मला काही वावगं दिसलं नाही. एकदा ती रात्री माजघरात रडत होती. मी आईला विचारलं, तर आई म्हणाली, "झोप तू, घरची आठवण येते तिला."

घरातलीच होती तर घरची आठवण कशी यायची, हा प्रश्न मला सुचायला पन्नास वर्षं लागली.

दीडेक वर्षाने तिचा बाप येऊन घेऊन गेला. त्याच सुमाराला १९७६ चा वेठबिगार बंदीचा कायदा आला होता, त्याचा काही संबंध होता का, माहीत नाही; विचारायला आता आई-वडील नाहीत. आम्ही तिला 'पोरी' म्हणायचो. तिचं खरं नाव मला आठवत नाही. बहिणीलाही विचारलं, तिलाही नाही. बखिताला स्वतःचं नाव आठवेना, ते भीतीमुळे. आम्हाला आठवत नाही, कारण कधी लागलंच नाही.

मित्राने पाठवलेल्या फोटोतलं झाकण बघून मी दोन दिवस गप्प का होतो, ते आता कळलं असेल. ते झाकण मला आमच्या माजघरातलं वाटलं. आमची माणसं वाईट नव्हती हो. मिकिएली कुटुंबही बहुधा नव्हतं. पण कायद्यासमोर प्रश्न चांगल्या-वाईटाचा नव्हताच. प्रश्न होता, तिला 'येत नाही' म्हणता येत होतं का? आमच्याकडच्या मुलीला येत नव्हतं.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं की कला तस्करी थांबवत नाही. तस्करी थांबवतात पोलीस, न्यायालय, शाळा, रोजगार आणि वेळेवर मिळणारं कर्ज. पण आपल्या घरात जे आपल्याला दिसत नाही, ते एखादं चित्र दाखवू शकतं. तेवढं त्याचं काम. पुढचं आपलं.

ख्रिस्ती मित्रांना एक विनंती. आपल्याकडे याची परंपरा आहे. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनातून सांगितली. गोव्यात जन्मलेल्या अँजेलो दा फोन्सेका यांनी पुण्याच्या आश्रमात बसून मरियेला साडी नेसवली, तिचा चेहरा आपल्यातला केला. वसईपासून गोव्यापर्यंत नाताळचे गोठे किती कष्टाने करता तुम्ही! एखाद्या वर्षी त्या गोठ्यापाशी उचल घेऊन निघालेलं एक जोडपं आणि त्यांची पोरं उभी करा. मरिया आणि योसेफही रात्रीतून पोराला घेऊन मिसरला पळालेच होते. आणि गणेश मंडळांनाही सांगणं तेच. देखावा करायचा तर साखळदंड नको, मुकादम दाखवा.

आणि दोन कोरड्या गोष्टी, पण त्याच कामाच्या. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींना बंदी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे फसवून, आमिष दाखवून, सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठी माणूस नेणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं हा गुन्हा आहे, आणि 'तिची संमती होती' हा बचाव चालत नाही. लहान मूल असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. वीटभट्टीवर, हॉटेलात, मेंढ्यांमागे, शेजारच्या फ्लॅटमध्ये शाळेच्या वयाचं पोर राबताना दिसलं, तर १०९८ ला फोन करा. तातडीचं असेल तर ११२. फोन करताना हात थांबतो, मला ठाऊक आहे. 'चांगली माणसं आहेत, कशाला उगाच', असं वाटतं. तेव्हा आमची आई आठवा. तीही चांगली होती.

बाकी, शरणपूर रोडवरून पुढच्या वेळी जाल तेव्हा सिग्नलला थांबल्यावर एवढं मनात आणा की या रस्त्याला ज्या वसाहतीवरून नाव मिळालं, तिथल्या आफ्रिकन मुलांना कुणीतरी समुद्रात अडवून सोडवलं होतं.

पेठ-सुरगाण्याकडच्या कुणाच्या घरी अशी आठवण असेल, एखादी आजी, आत्या, मावशी, जी लहानपणी नाशिकला कुणाच्या घरी कामाला ठेवली होती, तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाव लिहिणं तुमच्या मनावर. पण मला तरी एक नाव कळायला हवंय.